तिकीट खरं की बनावट, हे पीडीएफ बघून कळत नाही

विचारणारे कोल्हापूरचे आहेत. बहिणीला वाढदिवसाला मुंबईतल्या एका कॉन्सर्टला न्यायचं ठरवलंय, पण अधिकृत ॲपवरची तिकिटं कधीच संपली. टेलिग्रामवर एक मुलगा भेटला. साडेसहा हजारांचं स्टँडिंगचं तिकीट तो नऊ हजारांना देतोय, दोन घेतली तर सतरा हजार म्हणतोय. त्याने पीडीएफ पाठवली, बुकिंगचा ईमेल दाखवला आणि विश्वास बसावा म्हणून आधार कार्डाचा फोटोही पाठवला. प्रश्न असा की ही पीडीएफ खरी की बनावट, ते कशावरून ओळखायचं?

मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातल्या मोठ्या कार्यक्रमांत गेटवर आणि बॉक्स ऑफिसच्या खिडकीत मी बारा वर्षं काम करतेय. तिकिटं स्कॅन करणाऱ्या मुलांची टीम माझ्याकडे असते. त्या अनुभवावरून आधी मुख्य गोष्ट सांगते. पीडीएफ बघून ओळखता येत नाही. मलाही येत नाही. माझ्या हातात स्कॅनर नसेल तर माझे डोळे आणि तुमचे डोळे सारखेच. कारण गेटवर माझ्याकडे येणाऱ्या फसलेल्या लोकांच्या हातात बनावट तिकीट क्वचितच असतं. बहुतेकांच्या हातात खरं तिकीट असतं, फक्त तेच तिकीट आणखी पाचसात जणांनाही विकलेलं असतं.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. तिकिटावर जो क्यूआर कोड असतो, त्यात साधारणपणे अंक आणि अक्षरांची एक माळ असते. कार्यक्रमाच्या सगळ्या तिकिटांच्या अशा माळांची यादी आयोजकाच्या सर्व्हरवर असते. स्कॅनर कोड वाचतो आणि यादीत बघतो. माळ सापडली आणि तिच्यापुढे ‘आत गेला’ अशी खूण नसली तर हिरवा दिवा लागतो, आणि त्याच क्षणी ती खूण होते. दुसऱ्यांदा तीच माळ आली की लाल दिवा. कागद कुठला, छपाई कशी, पीडीएफ कोणी पाठवली, पैसे कोणी भरले, यातलं स्कॅनरला काहीही कळत नाही. जो आधी पोचला तो आत. म्हणजे शंभर टक्के खरी पीडीएफ घेऊन तुम्ही साडेसहाला रांगेत उभे राहिलात आणि तीच पीडीएफ घेतलेला दुसरा कोणी पाच वाजता आत गेला, तर तुमचं तिकीट गेटवर निकामी.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नवी मुंबईतला कार्यक्रम. साताऱ्याहून वडील आणि त्यांची अकरावीतली मुलगी आली होती. मुलीने गालावर चमकी लावली होती. वडिलांनी पीडीएफची रंगीत प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. आमच्या मुलाने स्कॅन केलं, लाल. फोनची चमक वाढवून मोबाइलवरचा कोड स्कॅन केला, परत लाल. मी यंत्र हातात घेतलं. पडद्यावर ओळ होती: आधीच वापरलेलं, गेट ३, संध्याकाळी ५ वाजून ४२ मिनिटं. ते वडील मला पुन्हा पुन्हा कागद दाखवत होते, “मॅडम, नीट बघा, सगळं बरोबर आहे.” आणि खरंच सगळं बरोबर होतं. तारीख, ब्लॉक, बुकिंग क्रमांक, सगळं. त्या रात्री त्याच एका बुकिंग क्रमांकाच्या प्रिंटा घेऊन आणखी चौघं माझ्याकडे आली. सगळ्यांकडे अस्सल तिकीट होतं, पण आत गेलं होतं सहावंच कोणीतरी.

म्हणून ‘ओळखायचं कसं’ हा प्रश्न मी नेहमी थोडा फिरवून घेते. हे तिकीट फक्त माझंच होणार आहे, याची खात्री कशी करायची? बघायचं आहे ते तिकीट कुठल्या वाटेने तुमच्याकडे येतंय ते.

सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे ॲपमधूनच नाव बदलून घेणं. काही ॲपवर, काही कार्यक्रमांसाठी विकणाऱ्याच्या खात्यातलं तिकीट तुमच्या मोबाइल नंबरवर पाठवायची सोय असते. ते तुमच्या खात्यात आलं की त्याच्या खात्यातून जातं आणि नवा कोड तयार होतो. जुना कोड मेला, म्हणजे आधीचे सगळे स्क्रीनशॉट आणि पीडीएफ निकामी. घेतलेलं तिकीट ॲपवरच पुन्हा विकता येईल अशी सोय झोमॅटोने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केली होती, ती याच विचाराची. पण प्रत्येक कार्यक्रमाला ही सोय नसते. काही आयोजक ती मुद्दाम बंद ठेवतात. तेव्हा विकणाऱ्याशी बोलायच्या आधी त्या कार्यक्रमाच्या अधिकृत पानावर जाऊन अटी वाचा. पुनर्विक्रीला मनाई असेल आणि आयोजकाच्या लक्षात आलं तर तिकीट रद्द होऊ शकतं, हेही तिथेच लिहिलेलं असतं. ‘ट्रान्सफर होत नाही’ असं असेल आणि विकणारा ‘होतं, मी करून देतो’ म्हणाला, तर विषय तिथेच संपला.

ट्रान्सफर करून देतो म्हणून लिंक पाठवली तर ती उघडू नका. आपण स्वतः आपल्या फोनमधलं ॲप उघडायचं, ‘माझी तिकिटं’मध्ये ते आलंय का बघायचं, आणि तिथे दिसल्यावरच पैसे. तुमच्या फोनवर आलेला ओटीपी त्याला सांगायचा नाही. तिकीट घेणाऱ्याला आपला ओटीपी विकणाऱ्याला द्यावा लागतो, असा कुठलाही व्यवहार नसतो.

दुसरी वाट, ट्रान्सफरची सोय नसेल तेव्हाची. मोठ्या कार्यक्रमांत एका बुकिंगवर बऱ्याचदा चारपर्यंत तिकिटं असतात. बऱ्याचदा खरा माणूस असा असतो की चौघांचं ठरलं होतं, दोघं गळाले. अशा माणसाकडून घेणं त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तो स्वतः येणार असतो. त्याला एवढंच सांगा की गेटवर भेटू, एकत्र रांगेत उभे राहू, चारही तिकिटं तुझ्याच फोनवरून स्कॅन करू, हिरवा दिवा लागला की मी तिथेच पैसे पाठवते. आगाऊ म्हणून हजार रुपये मागितले तर समजू शकते, त्यालाही तुमचा भरवसा हवा. पूर्ण रक्कम आधी हवी म्हणाला तर सोडून द्या. गेटवर एकत्र यायला नकार देणारा माणूस बहुतेक वेळा त्या गावात तरी नसतो, नाहीतर त्याच्याकडे तिकीट तरी नसतं.

इथे लोक मला व्हिडिओ कॉलबद्दल विचारतात. व्हिडिओ कॉल जरूर करा, त्याने निम्मे चोर गळतात. पण पाठवलेलं रेकॉर्डिंग बघू नका, समोर चालू कॉलवर करायला लावा. फोनच्या मुख्य पडद्यापासून सुरुवात, ॲप उघड, प्रोफाइलमध्ये जा, बुकिंग उघड, पान खाली ओढून ताजं कर. या क्रमाने चाललं की जोडलेलं चित्र किंवा एडिट केलेला स्क्रीनशॉट उघडा पडतो. मात्र एवढं लक्षात असू द्या की व्हिडिओ कॉलवरून त्याच्याकडे तिकीट आहे एवढंच सिद्ध होतं. ते तो फक्त तुम्हालाच विकतोय, हे सिद्ध होत नाही. साताऱ्याच्या त्या वडिलांनीही व्हिडिओ कॉल केला होता.

आता आधार कार्ड. तुमच्या विकणाऱ्याने स्वतःहून आधारचा फोटो पाठवला, याने मला धीर येण्याऐवजी काळजी वाटते. एकदा तक्रारी घेऊन आलेल्या तिघांच्या फोनमध्ये मी एकाच बाईचं आधार कार्ड पाहिलं. तिघांचे विकणारे वेगवेगळ्या नंबरवरचे. ती बाई बहुधा आधी फसलेली होती, तिने ‘व्हेरिफिकेशन’साठी आपलं कार्ड पाठवलं होतं आणि आता तिच्याच कार्डावर इतरांना फसवणं चाललं होतं. स्वतःचं आधार, पॅन, सेल्फी, काहीही विकणाऱ्याला देऊ नका. तिकिटाला त्याची गरज नाही. आणि त्याने पाठवलेल्या कार्डावरचं नाव आणि पैसे ज्या यूपीआयवर मागतोय तिथे येणारं बँकेतलं नाव जुळतं का, ते पैसे पाठवायच्या आधीच्या पडद्यावर दिसतं. कार्ड एका नावाचं, यूपीआय दुसऱ्याच कुणाचं, आणि वर ‘भावाचं खातं आहे, माझी लिमिट संपली’ असं उत्तर आलं, तर पुढे बोलू नका.

बनावट तिकिटं अजिबात नसतात असं नाही. ती असतात, आणि त्यांचा मोठा बाजार कॉन्सर्टपेक्षा कागदी पासांचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बोरिवलीत फाल्गुनी पाठक यांच्या गरब्याच्या बाबतीत दोन वेगवेगळी प्रकरणं झाली, दोन्ही शिकण्यासारखी. एकात पोलिसांनी सुमारे हजार बनावट पास पकडले, त्यांच्यासाठी होलोग्रामची स्टिकरंसुद्धा तयार होती. तेव्हा ‘होलोग्राम आहे म्हणजे खरं’ हे डोक्यातून काढून टाका. दुसऱ्यात बनावट पासही नव्हता. साडेचार हजारांचे पास तेहतीसशेला मिळतील म्हणून १५६ तरुणतरुणींचे मिळून पाच लाखांहून जास्त रुपये एका माणसाने गोळा केले, पैसे न्यायला एक जण आला आणि पास घ्यायला सांगितलेल्या पत्त्यावर गेल्यावर तिथे कोणीच नव्हतं. असे गट बहुधा एकमेकांच्या ओळखीतून जमतात. एक मित्र ओळख देतो, दुसरा तिसऱ्याला सांगतो, आणि मूळ माणसाला कोणीच ओळखत नसतं. ‘माझ्या मित्राने याच्याकडूनच घेतलंय’ हे वाक्य आलं की मित्राला विचारा, घेतलंय की घेऊन आत गेलाय? कार्यक्रम अजून व्हायचा असेल तर त्या मित्रालाही काही माहीत नाही.

छापलेल्या तिकिटात किंवा पीडीएफमध्ये काय बघायचं, तेही सांगते. एडिट करणाऱ्याकडे एक खरं तिकीट असतं, तो त्यातली नावं, तारीख, आसन बदलतो. बदलताना चुकतो तो जोडीच्या माहितीत. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नवी मुंबईतले कार्यक्रम २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते, म्हणजे शनिवार, रविवार आणि मंगळवार. तारीख २१ आणि वार रविवार असं तिकीट कोणी दाखवलं तर दुसरं काही तपासायची गरजच नाही. असंच स्टँड, ब्लॉक, रांग आणि आसन क्रमांक यांचं. अधिकृत पानावर आसनांचा नकाशा असतो, तो उघडा आणि त्या ब्लॉकमध्ये तेवढ्या रांगा आहेत का बघा. स्टँडिंगच्या तिकिटावर आसन क्रमांक नसतो. ज्या गेटने आत जायचं तो गेट त्या स्टँडशी जुळतो का? तिकिटावरची किंमत त्या वर्गाच्या मूळ किमतीइतकी आहे का? अक्षरांकडे बघायचं तर बाकीच्या मजकुरापेक्षा आसन क्रमांकाचं अक्षर किंचित जाड किंवा किंचित वर बसलेलं दिसतं, फोनवर मोठं करून बघितलं की कळतं. आणि क्यूआरच्या कडा धुरकट असतील तर तो बहुधा स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट आहे, म्हणजे तुमच्या आधी तो बऱ्याच फोनमधून फिरलाय.

पण हे सगळं तपासून ‘काही चूक सापडली नाही’ असा निष्कर्ष आला, तर त्याचा अर्थ एडिट केलेलं नाही एवढाच. पुन्हा तेच सांगते, एकदाच विकलंय याचा तो पुरावा नाही. आपल्या फोनने क्यूआर स्कॅन करून ‘बघ, नंबर येतोय’ म्हणून खूश होणारे लोक मी खूप बघितलेत. नंबर येणारच, बनावट कोडातूनही येतो. तो यादीत आहे का, हे फक्त गेटवरच्या यंत्राला माहीत असतं.

रिस्टबँडचं वेगळं आहे, आणि मला तो प्रकार कागदापेक्षा बरा वाटतो. लोलापलूझासारख्या महोत्सवांत, तीन दिवस चालणाऱ्या डान्स फेस्टिव्हलांत मनगटाला कापडी पट्टी बांधतात, तिच्यात चिप असते. चिपची नक्कल करणं पीडीएफ पाठवण्याइतकं सोपं नाही. पण वस्तू एकच असते, म्हणून चोरी वस्तूची होते. पहिल्या दिवशी जाऊन आलेला माणूस रात्री पट्टी सैल करून काढतो आणि दुसऱ्या दिवसासाठी विकतो. तेव्हा पट्टी हातात घेऊन बघा. तिला जो छोटा प्लॅस्टिकचा किंवा धातूचा मणी असतो, तो एकाच दिशेने सरकायला हवा. पट्टी घट्ट होते, सैल होत नाही, अशीच त्याची रचना असते. मणी दोन्हीकडे सरकत असेल, आतले दात घासलेले असतील, कापडाच्या कडेला सुतं निघालेली असतील, कुठे चिकटवल्यासारखं कडक लागत असेल, तर ती कोणाच्या तरी मनगटावरून उतरलीय. आम्ही गेटवर पट्टी ओढून बघतो, सैल पट्टी दिसली की बाजूला घेतो. कधीही न बांधलेली पट्टी, तिच्या मूळ पाकिटासह, ज्या कार्डावर लावून येते त्या कार्डासह मागा. आणि अनेक महोत्सवांत ती ॲपवर नोंदवावी लागते. विकणाऱ्याने ती स्वतःच्या नावावर आधीच नोंदवली असेल तर हरवली म्हणून तो ती बंदही करू शकतो. म्हणून न नोंदवलेली हवी.

एक जात राहिली, ती म्हणजे कॉम्प्लिमेंटरी पास. प्रायोजकांना, कलाकारांच्या माणसांना, स्थानिक मंडळींना हे फुकट दिलेले असतात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असतं. ते खरे असतात आणि स्कॅनही होतात, म्हणून लोक घेतात. पण आयोजक कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीसुद्धा एखाद्या प्रायोजकाचा पूर्ण कोटा रद्द करतो, आणि तेव्हा तुम्ही पैसे दिलेत याची कोणी दखल घेत नाही. दुसरी अशीच फसवी गोष्ट म्हणजे चोरीच्या कार्डावर काढलेली तिकिटं. कार्डाच्या मालकाने बँकेत तक्रार केली की ती बुकिंगं महिनाभरानेही रद्द होतात. विकणाऱ्याने दाखवलेला ईमेल तोवर खराच असतो.

परदेशी पुनर्विक्रीच्या वेबसाइटांबद्दलही खूप जण विचारतात. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी बारा वाजता बुकमायशोवर कोल्डप्लेची विक्री सुरू झाली, आणि त्याच दिवशी काही हजारांची तिकिटं व्हायागोगो या पुनर्विक्रीच्या वेबसाइटवर लाखांच्या घरात दिसू लागली. आपला अशा वेबसाइटांशी काही संबंध नाही, त्या तिकिटांची हमी नाही, असं बुकमायशोने जाहीर केलं आणि पोलिसांत तक्रारही केली. ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांबाबत दिल्ली, मुंबई, जयपूर, बंगळुरू आणि चंडीगड या शहरांत छापे घातले. या वेबसाइटांवरची एक गोष्ट ग्राहकाला माहीत नसते. विकणाऱ्याकडे तिकीट असायलाच हवं, असं तिथे प्रत्येक वेळी नसतं. आधी तुमच्याकडून चाळीस हजार घ्यायचे, मग पंधरा हजारांत कुठे मिळतंय ते शोधायचं. मिळालं तर तुम्हाला येतं. नाही मिळालं तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ‘ऑर्डर रद्द’ असा ईमेल येतो. पैसे परत मिळतातही, पण तोवर तुमची रेल्वे, हॉटेल, सुट्टी सगळं ठरलेलं असतं. त्या वेबसाइटवर आसन क्रमांक दिलेला नसेल, फक्त विभागाचं नाव असेल, तर ती विक्री या प्रकारची असण्याची शक्यता जास्त.

कायदा वाचवेल अशी आशा करू नका. तिकिटांच्या चढ्या पुनर्विक्रीवर काहीतरी नियम करा, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली होती. हा धोरणाचा विषय आहे, तो सरकार आणि विधिमंडळाचा, असं म्हणून न्यायालयाने ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. मला व्यक्तिशः हे फार लागलं, कारण गेटवर रडणारी मुलं आम्हाला दिसतात. फसवणूक हा गुन्हा आहेच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार होते. पण चढ्या भावाने खरं तिकीट विकणाऱ्याला रोखणारं नेमकं हत्यार पोलिसांच्या हातात मला तरी दिसत नाही.

लंडन, न्यू जर्सीकडच्या आपल्या लोकांसाठी थोडक्यात. तिकडे टिकेटमास्टर ही कंपनी तिकिटं विकते त्या अनेक कार्यक्रमांत तिकिटावरचा बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो. तिथे स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ विकणारा माणूस म्हणजे उघड फसवणूक. ॲपमधल्या ट्रान्सफरशिवाय घेऊच नका.

आता भाव. संपलेल्या कार्यक्रमाचं तिकीट कोणी मूळ किमतीपेक्षा स्वस्त देत असेल तर मी थांबते. अपवाद फक्त कार्यक्रमाच्या दिवसाचा. त्या दिवशी दुपारनंतर खरोखरच स्वस्त होतं. ताप आला, बॉसने सोडलं नाही, लोकल बंद पडली, असे खरे लोक मूळ किमतीला, कधी कमीत द्यायला तयार असतात. ब्लॅकवाल्यांकडेही न खपलेला माल उरतो. मुंबईत राहणाऱ्यांना मी सरळ सांगते की त्या दिवशीपर्यंत थांबा. कोल्हापूरहून येणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही, मला कळतं.

पण अधिकृत ॲपवर डोळा ठेवणं सगळ्यांनाच जमतं, आणि ते फार कमी लोक करतात. स्टेज आणि आवाजाचे टॉवर प्रत्यक्ष उभे राहीपर्यंत कुठली आसनं अडतील हे पक्कं नसतं, म्हणून आयोजक काही जागा राखून ठेवतात. शेवटच्या आठदहा दिवसांत त्या सुटतात. जाहिरात होत नाही, ॲपवर एकदम ‘उपलब्ध’ दिसतं आणि तासाभरात संपतं. कोल्डप्लेने तर २२ नोव्हेंबर २०२४ ला मुद्दाम दोन हजार रुपयांची इन्फिनिटी तिकिटं काढली. ती जोडीनेच घ्यायची होती, आणि आसन कुठलं हे बॉक्स ऑफिसवर तिकीट हातात घेतल्यावरच कळणार होतं. माझ्या कामात मी पाहिलेली ही सगळ्यात चांगली युक्ती. जे तिकीट आधी हातातच येत नाही, त्याची पीडीएफ कोण विकणार? तुमच्या कार्यक्रमाच्या पानावर ‘सूचना द्या’चं बटण असेल तर आजच दाबून ठेवा.

पैसे आधीच गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे आहेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, नाही लागला तर लावत राहा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा, तोच विचारतात. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ते गोठवता आले तरच परत मिळायची आशा. टेलिग्रामवरचा चॅट आधी स्क्रीनशॉट काढून जपा, कारण तो माणूस दोन्ही बाजूंचा चॅट पुसू शकतो. त्याला ‘पोलिसात जातेय’ असं सांगून सावध करू नका. आणि मग दोन दिवसांनी कोणीतरी ‘तुमचे पैसे काढून देतो, फी एवढी’ म्हणत येईल, तोही त्यांच्यातलाच समजा.

गेटवर लाल दिवा लागला तर स्कॅन करणाऱ्या मुलाशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. हेल्पडेस्कवर जा आणि हे तिकीट कधी, कुठल्या गेटवर वापरलं गेलं, एवढं विचारून पडद्याचा फोटो मिळतो का बघा. आम्ही शक्य असेल तेव्हा देतो. पोलिसांकडच्या तक्रारीला त्याचा उपयोग होतो.

तर कोल्हापूरकर, तुमच्या या व्यवहारात मी काय करेन? त्या मुलाला आज संध्याकाळी एवढाच मेसेज पाठवेन: “ॲपमधून माझ्या नंबरवर ट्रान्सफर कर, आल्याबरोबर दोन मिनिटांत सतरा हजार पाठवते. ट्रान्सफर होत नसेल तर गेटवर भेटू, स्कॅन झालं की तिथेच पूर्ण रक्कम, आज पाचशे आगाऊ देते.” यात त्याचं काहीच नुकसान नाही. खऱ्या माणसाला हे पटतं, तो फार तर आगाऊ रकमेवर घासाघीस करेल. उत्तरात ‘दुसरे तिघं रांगेत आहेत, दहा मिनिटांत सांग’ आलं, तर त्या तिघांना देऊन टाक म्हणा. कार्यक्रमाचं नाव आणि तिकिटाचा वर्ग लिहिलात तर त्या पानावर ट्रान्सफरची सोय आहे का, ते मी बघून सांगते.